एसीच्या आउटडोअरसाठी छज्ज्यावर उतरावं लागतं, शेठने कंबरेचा बेल्ट दिलाय, तो चालेल का?

नाही चालणार भावा. तू लिहिलंयस की आयटीआय करून अंधेरीत एसी सर्व्हिसिंगला लागलायस, चौथ्या-सहाव्या मजल्यावर खिडकीतून बाहेर पाय टाकावा लागतो, बेल्ट मागितला तर शेठने कपाटातला जुना कंबरेचा पट्टा काढून दिला आणि जुनी पोरं बेल्ट लावणाऱ्याला हसतात. हसू देत. मी याच लाइनमध्ये आहे, पश्चिम उपनगरात फिटिंग-सर्व्हिसिंगची कामं घेतो, हाताखाली पोरं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

कंबरेच्या पट्ट्याचं आधी. माणूस पडतो आणि पट्टा त्याला थांबवतो तेव्हा सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, आतले अवयव फाटू शकतात, किंवा माणूस उलटा होऊन पट्ट्यातून सटकतो. अमेरिकेत पडणाऱ्याला अडवण्यासाठी कंबरेचा पट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, आणि आपल्याकडे अजून शेठलोक तो सेफ्टी म्हणून देतात. तुला हवा फुल बॉडी हार्नेस, खांद्यावरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांमधून पट्टे जाणारा, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये लोखंडी डी रिंग असलेला. त्यावर आयएस ३५२१ चा मार्क आणि बनवल्याची तारीख बघून घे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात दोन-तीन हजारांच्या आसपास बरा मिळतो, रस्त्यावर पाचशेला टांगलेले दिसतात ते घेऊ नको. घालताना मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जायला पाहिजे, मूठ नाही.

पण खरं सांगू का, हार्नेस घातला की अर्ध्या पोरांना वाटतं काम झालं. मी साईटवर गेलो की हार्नेसकडे बघतच नाही, आधी बघतो हूक कुठे लागलाय. दहातले आठ वेळा ग्रीलला. अरे ती ग्रील भिंतीत चार स्क्रूवर उभी असते, समुद्राच्या खाऱ्या हवेने ते स्क्रू आतून कुजलेले असतात, रंग मारल्यामुळे वरून नवीन दिसते एवढंच. कोणी कोणी तर ज्या अँगलवर आउटडोअर बसवतोय त्यालाच हूक लावतो, म्हणजे अँगल सुटला तर मशीन आणि माणूस दोघं बरोबरच खाली. पाण्याचा पाईप, डिश अँटेनाचा रॉड, गच्चीचा विटांचा पॅरापेट म्हणजे कठडा, यातलं काहीच धरू नको. युरोपच्या स्टँडर्डमध्ये अँकरने, म्हणजे हूक जिथे लावतो त्या जागेने, १२ किलोन्यूटन सोसायला पाहिजे असं आहे, म्हणजे अंदाजे बाराशे किलो. ग्रीलकडे बघ आणि तूच सांग.

मग बांधायचं कुठे? घराच्या आत आरसीसी कॉलम, म्हणजे सळई-काँक्रीटचा खांब, शोध. बऱ्याच बिल्डिंगमध्ये बाल्कनीच्या किंवा पॅसेजच्या कोपऱ्यात कॉलम मोकळा सापडतो, त्याला भोवती स्लिंग (मजबूत पट्ट्याचा वेढा) घालून हूक लावायचा. शेवटच्या एक-दोन मजल्यांना गच्चीवरून दोरी सोडता येते, लिफ्टच्या मशीन रूमचा किंवा पाण्याच्या टाकीचा आरसीसी कॉलम धरायचा, आणि दोरीवर सरकणारं रोप ग्रॅब लावायचं, खाली झटका बसला की ते दोरी पकडतं. दोरी खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रॅकवरून जाते ना, तिथे खाली जाड काहीतरी टाक, जुन्या फायर होजचा तुकडा किंवा पायपुसणं चार घड्या करून, कारण तो ट्रॅक ताणलेल्या दोरीला ब्लेडसारखा लागतो. कॉलम जुन्या चाळीत सापडणार नाही, तिथे लाकडी खांब आणि कठडे असतात, तिथे बाहेर जायचंच नाही, सरळ नाही म्हणायचं.

आता जी गोष्ट या लाइनमध्ये कोणी शिकवत नाही ती सांगतो. हार्नेसबरोबर जी दोरी येते ती साधारण २ मीटरची असते आणि तिला शॉक अ‍ॅब्झॉर्बर असतो, शिवणीची घडी असते ती, झटका बसला की उसवत जाते आणि अंगावर येणारा जोर ६ किलोन्यूटनच्या आत ठेवते. उसवताना ती पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. म्हणजे तू पायाच्या लेव्हलच्या आसपास हूक लावून पडलास तर हिशोब लाव, २ मीटर दोरी, १.७५ मीटर उसवण, पाठीच्या रिंगपासून तुझ्या पायापर्यंत दीड मीटर, आणि पायाखाली १ मीटर मोकळी जागा शिल्लक पाहिजे म्हणून. झाले सव्वासहा मीटर, म्हणजे दोन मजले. आणि मुंबईच्या बिल्डिंगमध्ये तुझ्या पायाखाली तीन मीटरवर काय असतं? खालच्या घराचा छज्जा, त्यांची ग्रील, त्यांचं आउटडोअर, कपडे वाळत घालायचे रॉड. दोरी ताणायच्या आधी तू त्यावर आपटणार. बाराव्या मजल्यावर असलास तरी हेच, जमीन लांब आहे म्हणून काही फरक पडत नाही. काचेच्या टॉवरला बाहेरून लटकणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांच्या खाली सपाट असतं.

म्हणून आपल्या कामात दोरी पडल्यावर धरायला नाही लावायची, पडताच येऊ नये म्हणून लावायची. एवढी आखूड ठेवायची की कामापर्यंत हात पोचेल पण तोल गेला तर शरीर छज्ज्याच्या कडेपलीकडे जाणारच नाही. अ‍ॅडजस्ट होणारी दोरी घे, आत उभा राहून लांबी ठरव, हेल्परला ओढायला लाव, ताण कुठे येतो बघ, मग बाहेर. कुठे जागाच अशी असेल की थोडं पडायला वाव राहतोच, तर तो दोन फुटांच्या आत ठेव, आणि हूक कायम डोक्याच्या वर किंवा निदान खांद्याच्या लेव्हलला. दहीहंडीत बघितलंयस ना, वरच्या थराच्या पोराचा दोर वरून घेतात, खालून नाही, आणि वर एक माणूस तो सतत ताणून धरून असतो, सैल सोडत नाही. तसंच.

आणि हे सगळं करायच्या आधी एक प्रश्न, बाहेर जायलाच हवं का? नवीन फिटिंग असेल तर पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला बोल, आउटडोअर बाल्कनीत लावूया नाहीतर गच्चीवर. कंपनीच्या किटमधला कॉपरचा पाईप साधारण ३ मीटरचा येतो, लांब न्यायचं तर जास्तीच्या कॉपरचे फुटावर पैसे लागतात, तिथे पार्टी नाटक करते, पाच-सहा हजारांचं कॉपर वाचवायला आपल्याला सहाव्या मजल्यावर लटकवते आणि वर म्हणते "आधीच्या मेकॅनिकने तर लावला होता". जी जागा एकदा निवडली तिथे पुढची दहा वर्षं प्रत्येक सर्व्हिसला कोणीतरी जीव टांगणार, म्हणून फिटिंगच्या दिवशीच भांडून घ्यायचं. सर्व्हिसिंगला ग्रीलचा उघडणारा भाग असेल तर आतून पाण्याचा जेट मारता येतो. पहिल्या-दुसऱ्या मजल्याला भाड्याने चाकांची लोखंडी परांची आणता येते, चाकं लॉक करून, त्यावरही कठडा पाहिजे. शिडी लावलीस तर चार फूट उंचीला एक फूट बाहेर, आणि टेकते त्याच्या वर तीन फूट निघालेली पाहिजे, दीड टनाचं आउटडोअर तीस किलोच्या आसपास असतं, ते खांद्यावर घेऊन शिडी चढायची नाही, दोरीने खेचायचं.

छज्ज्याचं एक वेगळंच आहे. तो ऊन-पाऊस अडवायला असतो, तुझ्यासाठी आणि मशीनसाठी नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये सळई गंजून फुगते आणि सिमेंट सोडते, वरून प्लास्टर केलं की काही कळत नाही. गोरेगावला एका जुन्या सोसायटीत आमच्या एका पोराने पाय टाकायच्या आधी हातोड्याच्या दांड्याने टकटक केलं, पोकळ आवाज आला, जरा जोरात मारलं तर हातभर तुकडा खाली कंपाउंडमध्ये. नशीब खाली वॉचमन उभा करून जागा रिकामी ठेवली होती. तेव्हापासून माझ्याकडे ठोकून बघितल्याशिवाय कोणी पाय ठेवत नाही. भेगेत पिंपळ उगवलेला दिसला, खालून तांबडे ओघळ दिसले, की विषय संपला. जून ते सप्टेंबर शेवाळ, तेव्हा बाहेरचं काम मी घेतच नाही, पार्टीला सांगतो पाऊस उघडू दे. आणि सिमेंटच्या पत्र्यांवर कधीच नाही, तो वरून भक्कम दिसतो आणि पापडासारखा फुटतो.

बरं, माणूस पडतो तो नुसता पाय घसरून नाही. बाहेर बसलेला असताना कपॅसिटरला हात लागतो, एमसीबी बंद केला तरी त्यात चार्ज राहतो, झटका छोटाच असतो पण हात मागे जातो आणि त्याबरोबर तू. किंवा फ्लेअर नट (कॉपर पाईपच्या जोडाचा नट) सैल करताना गॅस फस्सकन तोंडावर येतो. हॅमर ड्रिल सळईला लागलं की मनगट फिरवतं. घरात उभा असशील तर शिवी देऊन पुढे जाशील, बाहेर ते जीवावर बेततं. म्हणून मेन बंद, कपॅसिटर डिस्चार्ज, नट उघडताना तोंड बाजूला, पाना-स्क्रूड्रायव्हर मनगटाला किंवा बेल्टला दोरीने बांधलेला. एप्रिल-मेमध्ये दिवसाला सात-आठ कॉल असतात, संध्याकाळच्या कॉलला हात थरथरतात, पाणी प्यायलेलं नसतं. बाहेर उतरायचं काम सकाळी घे, संध्याकाळी फिल्टर धुवायचे कॉल कर.

एकटा कधीच नको. हार्नेसमध्ये माणूस लटकला आणि हलत नसेल तर मांडीच्या पट्ट्यांमुळे पायातलं रक्त वर येत नाही, काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते, म्हणजे पडण्यातून वाचला आणि लटकून गेला असं होतं. आतला हेल्पर सत्तर किलोचा माणूस एकट्याने ओढू शकत नाही, हे आधीच ठरवलेलं पाहिजे, कोण ओढणार, कशाने. दोन माणसं आत, एक जास्तीची दोरी, आणि फोनमध्ये १०१ आणि १०८ दोन्ही. लटकलास तर पाय हलवत राहा, दोरीचा फास करून त्यात पाय टाकून उभं राहता आलं तर उत्तम.

हार्नेस कॉइल क्लीनरच्या बाटलीबरोबर एकाच बॅगेत टाकू नको, सगळे टाकतात. क्लीनर अ‍ॅसिडवाला असेल तर नायलॉन खातो, अल्कलीवाला पॉलिएस्टर, आणि दिसत काहीच नाही. शिवण उसवली, पट्टा कडक किंवा फिका पडला, किंवा एकदा झटका खाल्ला, तर कात्रीने कापून फेकून दे, नाहीतर दुसरा कोणीतरी उचलून वापरतो.

शेठचं काय करायचं ते विचारलंयस. तू तत्त्वाने बोललास तर तो म्हणणार "जमत नसेल तर सोड", म्हणून त्याच्या फायद्याचं बोल. सेफ्टीचं सामान मालकाने फुकट द्यायचं असतं हा कायदा आहे, आणि माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा लागू शकतो, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. हे थंड डोक्याने, चहा पिताना सांग, सगळ्यांसमोर नको. दुसरा मार्ग सोसायटीचा सेक्रेटरी. त्याला पोलीस केसची भीती शेठपेक्षा जास्त असते, गेटवरच "हार्नेसशिवाय बाहेरचं काम नाही" असं त्याने म्हटलं की शेठ दुसऱ्या दिवशी सामान आणतो, मी हे होताना बघितलंय. तरीही नाही आणला तर स्वतःच्या पैशाने घे आणि दुसरीकडे नोकरी बघ, सीझनमध्ये काम येणाऱ्या पोराला मुंबईत नोकरीची कमी नाही.

आणि हे आजच कर, बँकेच्या अ‍ॅपमध्ये प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना चालू कर, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. वर्ष १ जून ते ३१ मे असतं, पैसे खात्यातून आपोआप कापतात, तेवढा बॅलन्स ठेव. नॉमिनीत आईचं नाव टाकलंस तर तिला योजनेचं नाव तरी सांगून ठेव.