दोन वर्षांसाठी का होईना

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानांत "दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे" असं सहा वेळा लिहिलंयस, आणि शेवटी मलाच विचारतेस की सगळं इतकं अधांतरी का वाटतंय. नोकरी चांगली आहे, शहर चांगलं आहे, हे मी सांगत बसत नाही, तुला ते कळतं. टीसीएसनं २००२ मध्ये उरुग्वेच्या राजधानीत, मोन्तेविदेओत, केंद्र उघडलं तेव्हापासून आपली मुलं तिथे ये-जा करताहेत, त्यामुळे तू काही अज्ञात बेटावर निघालेली नाहीस. पण जी चूक त्यातल्या बऱ्याच जणांनी केली ती करायला तू निघालीयस. राहायचं नक्की नाही, म्हणून राहायची तयारीच करायची नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दोन वर्षांसाठी का होईना, राहणाऱ्यासारखे कागद कर. परतायचं ठरलं तर विमानात बसायला एक दिवस पुरतो. राहायचं ठरलं आणि कागद नसले तर वर्ष जातं.

आधी नावाचं बघ. मेमध्ये लग्न, जूनमध्ये प्रयाण, आणि मधल्या तीन आठवड्यांत सासरच्या नावाचा पासपोर्ट, असं घरच्यांनी ठरवलंय म्हणतेस. काढू नकोस. लग्नानंतर पासपोर्टावरचं नाव बदलायची आपल्याकडे सक्ती नाही. उरुग्वेत तर बायका लग्नानंतर नाव बदलतच नाहीत. तिथे माणसाला दोन आडनावं, बहुधा पहिलं वडिलांकडचं आणि दुसरं आईकडचं, आणि ती जन्मभर तीच. मिग्रासिओनेसच्या, म्हणजे परदेशातून आलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या खात्याच्या, कार्यालयात जन्मदाखल्यावर एक बाई आणि पासपोर्टावर दुसरी बाई आली की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो. त्याचं काही चुकत नाही. मग त्या दोन बाया एकच आहेत हे तू सिद्ध करायचं. विवाहनोंदणीचं प्रमाणपत्र, त्याचं अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, त्याचं भाषांतर, आणि हे दर खिडकीवर नव्यानं. सासूबाईंना काय सांगायचं ते तू बघ. मला विचारशील तर नाव बदलायची हौस परत आल्यावरही भागवता येते. विवाहनोंदणी मात्र जाण्याआधी करून घे. नवरा मागून येणार असेल तर त्या प्रमाणपत्राशिवाय तो तुझा कुणीच नाही.

आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव जोडीनं येतं. तिथे वडिलांचं नाव हे तुझंच दुसरं नाव समजतात. दवाखान्यात एखादी नर्स तुला बाबांच्या नावानं हाक मारील. मारू दे. खरी गोम पुढच्या रकान्यात आहे. 'सेगुंदो आपेशिदो', म्हणजे दुसरं आडनाव. तिथे आईचं माहेरचं आडनाव लिहायचा मोह होतो. बँकेत लिहिलं, घराच्या करारात नाही लिहिलं, की पुन्हा दोन बाया. पासपोर्टावर जे आहे तेच, त्याच क्रमानं, सगळीकडे. पुढे सेदुला हातात आली, म्हणजे तिथलं ओळखपत्र, की त्यावर जसं छापलंय तसं.

आता कागदांचा क्रम. हा उलटा झाला की पैसे वाया जातात. जन्मदाखला मूळ प्रतीत हवा आणि त्यावर तुझं नाव हवं. हसू नकोस. तुझ्या वयाच्या मुलींच्या कितीतरी दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद आधी झाली आणि बारसं नंतर. कोरी असेल तर नगरपालिकेतून नाव चढवून घे. शाळा सोडल्याचा दाखला तिथे चालत नाही. मग त्या दाखल्यावर राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टील. विवाहाच्या प्रमाणपत्राचाही हाच रस्ता. भारत अपॉस्टीलच्या करारात २००५ पासून आहे आणि उरुग्वे २०१२ पासून, तेव्हा वर आणखी वकिलातीचा शिक्का लागतो असं सांगून कुणी एजंट पैसे मागू लागला तर सरळ उठून ये.

भाषांतर पुण्यात करून घेऊ नकोस, कितीही स्वस्त मिळो. उरुग्वेत तिथल्याच 'त्रादुक्तोर पूब्लिको'चं, म्हणजे अधिकृत भाषांतरकाराचं, भाषांतर लागतं, आणि तो अपॉस्टीलचा मजकूरही भाषांतरात घेतो. म्हणजे आधी अपॉस्टील, नंतर भाषांतर. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो, तो केंद्राचा असल्यानं राज्याच्या साक्षांकनाची भानगड नाही. तो मात्र सगळ्यात शेवटी काढ, कारण तो शिळा होतो. गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या देशात राहिली असशील तर तिथलाही लागेल. जन्मदाखला शिळा होत नाही, म्हणून त्याचं काम आजच सुरू कर. तिथे गेल्यावर 'कार्ने दे सालुद' म्हणजे आरोग्य तपासणीचं कार्ड काढावं लागतं, ते कंपनीच घडवून आणते. निवासाचा अर्ज प्रलंबित असताना काम करता येतं. मात्र त्या काळात देशाबाहेर पडण्याआधी पुनर्प्रवेशाच्या परवान्याची चौकशी मिग्रासिओनेसमध्ये करायची, न विचारता तिकीट काढायचं नाही.

आणि आता ते पान, ज्याबद्दल तू "एक साधा फॉर्म आहे, सही करून टाकते" असं लिहिलंयस. टाकू नकोस. तुझं ऑफिस सोना फ्रांकात आहे, म्हणजे मुक्त व्यापार क्षेत्रात. १९८७ च्या १५.९२१ क्रमांकाच्या कायद्यानं तिथल्या परदेशी कर्मचाऱ्याला एक मुभा दिलीय. मला तुमची सामाजिक सुरक्षा नको, असं त्यानं लेखी दिलं की त्याच्या पगारातून ते हप्ते कापले जात नाहीत, आणि उत्पन्नावर चढत्या दरानं कर भरण्याऐवजी त्याला सरसकट १२ टक्क्यांचा पर्याय घेता येतो. हातात येणारी रक्कम चांगली फुगते. सगळे ऑफिसमित्र तेच करायला सांगतील.

सही केली नाहीस तर काय कापतात ते बघ. १,००,००० पेसो नॉमिनाल, म्हणजे कपातीआधीचा, पगार धरू. पेन्शनचे १५ टक्के म्हणजे १५,०००. मूल नाही आणि नवऱ्याचा भार नाही असं धरलं तर फोनासा, म्हणजे आरोग्य विमा, साडेचार टक्के, म्हणजे ४,५००. आणखी एक किरकोळ कपात. मग उरलेला आयकर, जो शून्यापासून ३६ टक्क्यांपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. राहतं ते 'लीकिदो', म्हणजे हातात पडणारा पगार. ऑफर लेटरवरचा आकडा नॉमिनाल आहे की लीकिदो, हे तू विचारलंच नाहीयेस. आपल्या सीटीसीची, म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चाच्या आकड्याची, सवय.

पेन्शनचे ते पैसे पीएफसारखे परत मिळत नाहीत, हे खरं आहे. दोन वर्षांत पेन्शनही बसत नाही, त्याला पुष्कळ वर्षं लागतात. तरी मी म्हणते, सही करू नकोस. बीपीएसमध्ये, म्हणजे त्यांच्या सामाजिक सुरक्षा संस्थेत, तुझ्या नावानं महिन्यामागून महिना नोंद होते. फोनासातून हव्या त्या मुतुआलिस्तात, म्हणजे सभासदांच्या दवाखान्यात, नाव घालता येतं. नोकरी गेली तर बेकारी भत्त्याचा आधार असतो. आणि लग्न करून जातेयस म्हणून स्पष्ट लिहिते, १४ आठवड्यांची बाळंतपणाची रजा बीपीएसच भरून देते. यातलं काहीच लागणार नाही असं म्हणशील. मग लागलं तर? हिशेबात मी हरते, कबूल आहे. कागदाच्या बाबतीत मी हेकट आहे असं सगळे म्हणतात, म्हणू देत. हा हेकटपणा फुकटात आलेला नाही, पण त्या कहाण्या तुला सांगण्यात अर्थ नाही. राहणाऱ्यासारखे कागद कर.

दोन गोष्टी पगाराबरोबरच लक्षात ठेव. आगिनाल्दो म्हणजे तेराव्या महिन्याचा पगार जून आणि डिसेंबरात अर्धा-अर्धा मिळतो, तुला पहिला डिसेंबरात. आणि वर्षाची २० दिवसांची रजा या वर्षी कमवायची, पुढच्या वर्षी घ्यायची असा तिथला नियम आहे. यंदाच्या दिवाळीला घरी यायचं आईला कबूल केलंयस ना? आधी मॅनेजरशी बोल.

घराबद्दल थोडं. आकड्यांत आपल्या स्वल्पविरामाच्या जागी ते टिंब देतात, म्हणून २५.००० म्हणजे पंचवीस हजार. नुसतं डॉलरचं चिन्ह म्हणजे पेसो. खऱ्या डॉलरला चिन्हाआधी यू आणि नंतर एस असतो. भाड्याला हमी लागते. हमी देणारी संस्था पगाराच्या पावत्या बघते, नाहीतर बांको इपोतेकारिओ या सरकारी बँकेत पाच महिन्यांपर्यंतचं भाडं अनामत अडकवून ठेवायचं. दलाल बहुधा एका महिन्याचं भाडं घेतो, वर २२ टक्के कर. 'गास्तोस कोमुनेस' म्हणजे सोसायटीचा खर्च भाड्याच्या वर असतो, आणि जमिनीखालून गरम पाणी फिरवणारी इमारत असली तर हिवाळ्यात तो डोळे पांढरे करतो. तू जूनमध्ये पोहोचतेस, म्हणजे ऐन थंडीत. तापमानापेक्षा तिथला ओलावा वाईट, भिंतीला बुरशी धरते. घर बघताना कपाट ओढून मागची भिंत बघ. आणि खिडक्या उत्तरेला हव्यात. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, वास्तुशास्त्रवाल्या काकांना हे आधीच सांगून ठेव.

भाषेवर मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे. "ऑफिसात इंग्रजी चालतं." चालतं, क्लायंटसाठी. पण तिथल्या कायद्यानं सर्वसाधारणपणे ७५ टक्के माणसं स्थानिक ठेवावी लागतात. म्हणजे तुझ्या शेजारच्या चार खुर्च्यांपैकी तीनांवर स्पॅनिश बोलणारे. जेवणाच्या टेबलावर काय ठरतं ते तुला कळणार नाही, आणि बढत्या कुठे ठरतात हे तुला मी सांगायला नको.

आणि तू स्पॅनिश इंग्रजीमार्गे शिकतेयस, तिथेच अडकलीस. मराठीतून शिक. 'मे गुस्ता एल ते' याला इंग्रजीतून गेलं की उलटसुलट नियम पाठ करावे लागतात. मराठीत ते जसंच्या तसं आहे, मला चहा आवडतो. आंबा असेल तर गुस्ता, आंबे असतील तर गुस्तान, आवडतो, आवडतात. 'मे पारेसे' म्हणजे मला वाटतं. पेला पडला तर ते 'से मे काशो' म्हणतात. मी पाडला असं कुणी म्हणत नाही, तो माझ्या हातून पडला. हा हातून पडण्याचा शहाणपणा इंग्रजीत नाही, आपल्याकडे आहे. उच्चारही बघ. त्यांचा त दातांवरचा त आहे, तू ट म्हणतेस. द ही तसाच. मोन्तेविदेओत दोन एल किंवा वाय आले की श होतो, म्हणून 'काशे' म्हणजे रस्ता आणि 'शो' म्हणजे मी. बॉसलाही 'बोस' म्हणायचं, म्हणजे आपलं अरे-तुरेच, त्यात उद्धटपणा नाही. आणि 'ता'. बरं, ठीक, झालं, कळलं, या सगळ्यांना तो एकच शब्द. माते, म्हणजे नळीनं ओढून प्यायचा तिथला पाल्याचा काढा, पुढे केलं तर नळी हलवायची नाही, आणि 'ग्रासिआस' बास झाल्यावरच म्हणायचं. पहिल्याच घोटानंतर म्हणालीस तर पुन्हा मिळत नाही.

रोज वीस मिनिटं. दोन वर्षांसाठी का होईना.

खाण्याची काळजी करू नकोस. पिझ्झाच्या दुकानात फाइना मिळतो, हरभऱ्याच्या पिठाचा, वरून मिरपूड. 'दे ओरिशो' माग, म्हणजे कडेचा कुरकुरीत तुकडा देतात. तेच पीठ दुकानात 'आरिना दे गार्बान्सो' नावानं मिळतं. ते काबुली हरभऱ्याचं असतं, त्यामुळे पिठल्याला बेसनापेक्षा पाणी थोडं जास्त घाल आणि गुठळ्या आधीच मोड. हिरव्या मिरचीचा तिखटपणा मात्र विसर.

ते नाव बदलायचं आणि त्या फॉर्मवरच्या सहीचं काय केलंस ते कळव. बाकीचं नाही कळवलंस तरी चालेल.

तुझी मावशी

ता. क. : जन्मदाखला आईनं जपून ठेवलाय म्हणतेस. आजच फाइलमधून काढून त्याचा कोपरा नखानं उचलून बघ. आईनं प्रेमानं लॅमिनेट करून आणला असेल, तर अपॉस्टीलला तो घेत नाहीत. सोमवारी नगरपालिकेत जा आणि नव्या दोन प्रती काढ.