पिल्लाला पहिल्यांदा बाहेर नेताना
अगं, लसींचा कोर्स पूर्ण झालाय ना, मग बिनधास्त ने, पण पहिल्याच दिवशी एफसी रोडच्या गर्दीत नको, आधी सोसायटीच्या गेटपर्यंत, मग गल्लीत, हॉर्नची सवय होऊ दे. उन्हाळ्यात सकाळी लवकरच फिरवून आणायचं, हाताची मागची बाजू डांबरावर 7 सेकंद टेकवून बघ, तुला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणारच. वेताळ टेकडी मस्तच आहे, पण तिथे मोर असतात त्यामुळे पट्टा अजिबात सोडायचा नाही हां! घरी आलं की कानामागे आणि बोटांच्या फटीत गोचीड चाचपून बघायची, आमच्या शेरूच्या बोटांत मसुराएवढी सापडली होती, तेव्हापासून मी एकदाही चुकवत नाही. आणि शी उचलायला पिशवी कायम खिशात.