भिंत दुरुस्त करणारा हुतात्मा

प्रश्न : मी मालाडच्या एका शाळेत शिकवते. आमच्या एका कॅथलिक सहकारी बाईंनी ब्रदर जेम्स मिलर यांची गोष्ट सांगितली. ते श्रद्धेसाठी हुतात्मा झाले, असे त्या म्हणतात. पण मारले गेले तेव्हा ते शाळेची भिंत दुरुस्त करीत होते. मग यात श्रद्धेचा संबंध कुठे येतो? आणि ब्रदर ही फादर होण्याआधीची पायरी असते का?
– एक शिक्षिका, मालाड

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ. आपल्या मुंबईत ‘ब्रदर’ म्हटले की काहींना इस्पितळातला पुरुष परिचारक आठवतो, तर मिशनच्या शाळेत शिकलेले बरेच जण झगा दिसला की सरसकट ‘फादर’च म्हणतात. धर्मगुरू होण्यासाठी शिकत असलेल्या तरुणालाही ब्रदर म्हणतात, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. मिलर मात्र ज्या ‘द ला साल’ संघाचे होते, त्याचे संस्थापक स्वतः धर्मगुरू असूनही, सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढताना त्यांनी सदस्यांना धर्मगुरू न होता आयुष्यभर शिक्षकच राहण्याचा नियम घालून दिला. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करण्याचा अधिकार या ब्रदरना नसतो. ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन यांची व्रते मात्र असतात.

मिलर यांचा जन्म 1944 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. मिनेसोटातल्या शाळेत ते स्पॅनिश, इंग्रजी आणि धर्म शिकवीत, शिवाय फुटबॉलचे प्रशिक्षण देत आणि इमारतीची डागडुजीही करीत. एरवी शाळेची व्यवस्थापने ज्या कामासाठी ठेकेदार बोलावतात, ते हा धिप्पाड माणूस हौसेने अंगावर घेई. पुढे निकाराग्वात त्यांनी दहा वर्षे शाळा चालवल्या आणि बांधल्या. 1979 मध्ये तिथे सत्तापालट झाला, तेव्हा वरिष्ठांनी त्यांना परत बोलावले. पण मायदेशी त्यांचे मन रमेना, आणि 1981 च्या जानेवारीत ते ग्वाटेमालातल्या वेवेतेनांगो इथे माया आदिवासी मुलांच्या वसतिगृहात रुजू झाले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच वसतिगृहात आहे. देशात 1960 पासून यादवी चालू होती. विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट असतानाही सैनिक आदिवासी मुलांना रस्त्यावरून पकडून भरती करीत, आणि ब्रदर मंडळी अधिकाऱ्यांकडे खेटे घालून त्यांना सोडवू पाहत. मिलर यांच्या अखेरच्या दिवसांतही अशाच एका विद्यार्थ्यासाठी ही खटपट चालू होती. 13 फेब्रुवारी 1982, शनिवार. दुपार कलली होती. बाहेरच्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी मिलर शिडीवर चढले असताना बुरखाधारी माणसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते जागीच गेले. वसतिगृहातली काही मुले खिडकीतून पाहत होती. मिलर तेव्हा 37 वर्षांचे होते. मारेकरी कधीच पकडले गेले नाहीत.

आता श्रद्धेचे. मारेकऱ्याने ‘धर्म सोड’ असे म्हणावे आणि हुतात्म्याने नकार द्यावा, हे जुन्या काळचे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. पण लॅटिन अमेरिकेत मारणारेही बहुधा बाप्तिस्मा घेतलेलेच होते. म्हणून चर्च असे विचारते, की जे कार्य मारेकऱ्यांना खुपत होते ते श्रद्धेतून उपजले होते का, आणि धोका ठाऊक असूनही ती व्यक्ती तिथे थांबली का. याच कसोटीवर एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांना 2015 मध्ये हुतात्मा मानले गेले. मिलर यांना आपल्या जिवाच्या धोक्याची पुरती जाणीव होती. माझ्या मते त्यांना क्रांतिकारक ठरवण्याची घाई करू नये. त्यांनी शस्त्र घेतले नाही की पक्ष काढला नाही, ते मुलांच्या बाजूने उभे राहिले.

7 डिसेंबर 2019 रोजी वेवेतेनांगोमध्येच त्यांना ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आले; संतपदाच्या आधीचा हा टप्पा. हुतात्म्याला या टप्प्यासाठी चमत्कार सिद्ध करावा लागत नाही; तो संतपदासाठी लागतो. त्यामुळे तुमच्या सहकारी बाई त्यांना ‘संत मिलर’ म्हणत असतील, तर सध्या ‘धन्यवादित’ म्हणणेच बरोबर होईल. त्यांचा स्मरणदिन 13 फेब्रुवारी हाच आहे.