सेप्सिसचं संशोधन की डीएमएलटी?

नमस्कार,

तुमची लेक बी.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागतात तेव्हा, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला झालेली इजा रक्तातून कशी कळते, यावर तिनं सेमिनार दिला आणि आता हेच करायचं म्हणते. तुम्ही विचारलंय, ‘यात नोकरी आहे का, की सरळ डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) घालू?’

स्पष्टच सांगते. या तपासण्यांच्या नावानं जागा निघत नाहीत. आयसीयूत सेप्सिस ठरतो तो २०१६ च्या व्याख्येप्रमाणे, म्हणजे संसर्गामुळे सोफा स्कोअर (अवयव किती बिघडलेत याचे गुण) २ किंवा जास्तनं वाढला की. जोडीला लॅक्टेट, कल्चर, प्रोकॅल्सिटोनिन या तपासण्या. सिंडिकॅन-१, अँजिओपॉयटिन-२, थ्रॉम्बोमोड्युलिन हे अस्तराची इजा दाखवणारे रक्तातले मार्कर अजून मुख्यतः संशोधनातच आहेत. तरी तिला अडवू नका, कारण हे काम शिकताना हाताला जे वळण लागतं ते कुठल्याही चांगल्या लॅबला हवं असतं.

अस्तरावर साखरेच्या साखळ्यांचा नाजूक थर असतो, ग्लायकोकॅलिक्स. सेप्सिसमध्ये तो झडतो आणि त्यातलं सिंडिकॅन-१ रक्तात उतरतं. ते एलायझानं, म्हणजे अँटीबॉडी वापरून केलेल्या चाचणीनं, मोजतात, पण घोळ बहुतेकदा एलायझाच्या आधीच झालेला असतो. लाल टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त गोठताना प्लेटलेट्स स्वतःजवळचं अँजिओपॉयटिन-१ सोडतात; मग अँजिओपॉयटिन-२ शी त्याचं गुणोत्तर काढलं तर ते फसवं निघतं. म्हणून प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्ताचा पातळ भाग, घ्यायचा. रक्त गोठू न देणारी जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब ठरवली, तर शेवटच्या पेशंटपर्यंत तीच. निळ्या टोपीत ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेटचं द्रावण असतं, त्यामुळे आकडा तेवढा खाली येतो. ठरलेल्या वेळेत सेंट्रिफ्यूज, लहान लहान व्हायल, उणे ८० अंश. एकदा वितळलेली व्हायल पुन्हा गोठवायची नाही.

एलायझाच्या प्लेटला ९६ खळगे. ७ स्टँडर्ड (माहीत प्रमाणाची द्रावणं) आणि १ ब्लँक (मोजायचा पदार्थ नसलेलं), प्रत्येकी दोनदा, म्हणजे १६ गेले. उरलेल्या ८० त ४० पेशंट. गंभीर पेशंटचं रीडिंग स्टँडर्डच्या वर गेलं, तर आलेख पुढे ओढून आकडा काढायचा नाही. सॅम्पल पातळ करून पुन्हा लावायचं. आणि आकडा आला तरी पेशंटची फाइल उघडावीच लागते: मूत्रपिंड मंदावलं की थ्रॉम्बोमोड्युलिन त्यामुळेही चढतं, भरपूर सलाइन दिलं असेल तर सगळंच पातळ होतं.

आता वाट. दोन वर्षांचा एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजी. त्यासाठी गॅट-बी, आयआयटी जॅम किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, लाइफ सायन्सेस विषयात. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, शिवाय घरभाडं. एम.एस्सी.चा प्रबंध रुग्णालयाला जोडलेल्या लॅबमध्येच मागावा. परळला केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची (रक्त आणि प्रतिकारशक्ती यांच्या अभ्यासाची) राष्ट्रीय संस्था आहे, तशा ठिकाणी. सोबत संख्याशास्त्र पक्कं हवं, मुलं नेमकी तिथेच मागे पडतात. नेट निघाली नाही तर बी.एस्सी.च्या जोरावर डीएमएलटी नंतरही करता येतो.

फॉर्म भरण्याआधी एक करा. या सुट्टीत तिला महिनाभर तुमच्या गावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बसवा. सकाळच्या गर्दीतही ती प्रत्येक ट्यूबवर रक्त घेतल्याची वेळ न चुकता लिहीत असेल, तर खुशाल एम.एस्सी.ला पाठवा.