रोज सायकल चालवतो, पण पाय काटकुळेच आहेत. ते पिळदार कसे होतील?

नुसते किलोमीटर वाढवून होणार नाहीत. आठवड्यातून दोनदा वजन घेऊन पायांचा व्यायाम करा आणि खाणं वाढवा. सायकलवर मिनिटाला ८०-९० वेळा पॅडल फिरतं, म्हणजे एकेका फेरीत स्नायूवर जोर कमीच येतो. त्यातून दम वाढतो, आकार फारसा नाही. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे घाट चढलेला क्रिस फ्रूम बघा, पाय काड्यांसारखे. उलट ट्रॅकवर कमी अंतर सुसाट मारणारे सायकलपटू (स्प्रिंटर) क्रिस हॉय किंवा रॉबर्ट फोर्स्टेमान यांच्या मांड्या बघा! ती करामत जड वजनांची आणि छोट्या, जोरकस स्प्रिंटची.

सुरुवातीला एवढं पुरे:
- स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा)
- रोमानियन डेडलिफ्ट (हातात वजन धरून, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं; मांडीची मागची बाजू सायकलस्वार हमखास विसरतात)
- बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट (मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर उठबस)
- काफ रेज (टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं)

प्रत्येकी ३ सेट (फेऱ्या), दर सेटमध्ये ६ ते १२ रेप्स (आवर्तनं). शेवटच्या दोन जड गेल्या पाहिजेत. जमायला लागलं की वजन वाढवा. त्याच दिवशी लांब राइड नको. प्रोटीन दर किलो वजनामागे १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ९५ ग्रॅम. नुसत्या वरणभातावर ते भागत नाही. अंडी, पनीर, सोयाबीन, चिकन लागेल. तुम्ही सडपातळच आहात, तेव्हा स्नायूंच्या रेषा उठून दिसण्यासाठी आणखी बारीक होऊ नका. मात्र पोटरीचा आकार बराचसा जन्मजात असतो, आणि वाढलेलं वजन घाट चढताना जाणवेल.