पाणी ओसरू दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा नकाशा दोनदा पाहिला. पाणथळ पुन्हा उभी करायचं मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. पण मधोमध बारा फूट खोल खड्डा आणि भोवती उभ्या कडेचा बांध दाखवला आहेस, तेवढं आधी पुसून टाक. त्याने तलाव होईल, पाणथळ नाही.

माझ्या पहिल्या कामात मीही हेच केलं होतं. जेसीबी लावून गाळ उपसला, पाणी वर्षभर टिकलं, सगळे खूश झाले. हिवाळ्यात मात्र चार पाणकावळे सोडले तर कोणी फिरकलं नाही. तुतवारासारख्या चिखलात चरणाऱ्या पाखराला बोटभर पाणी पुरतं, लांब पायांच्या शेकाट्याला त्याचे पाय टेकतील एवढं. बुड वर करून चरणारी बदकंही वीतभर पाण्यातच रमतात. काठाजवळचा मूठभर चिखल चाळणीत धुऊन बघ, तांबड्या अळ्या वळवळताना दिसतील. पाखरं त्यासाठी येतात आणि तो चिखलच आम्ही ट्रॉल्या भरभरून बाहेर टाकला होता. म्हणून काठाला उतार इतका मंद ठेव, की पाणी चार बोटं उतरलं तरी दोन पावलं रुंद चिखल उघडा पडावा.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं तर घाबरू नकोस. उघड्या गाळाला हवा लागते, त्यात दडलेलं बी रुजतं आणि पुढे तेच बदकांचं खाद्य होतं. तळं पार आटलं तर बेडकांची अंडी-पिल्लं फस्त करणारे मासेही उरत नाहीत. मणिपूरच्या लोकटक सरोवराचं काय झालं ते ध्यानात ठेव. 1983 साली इथाई बंधारा झाला आणि पाणी बारमाही चढलेलं राहू लागलं. तिथल्या फुमदी, म्हणजे गवत-मुळांच्या तरंगत्या गाद्या, पूर्वी कोरड्या दिवसांत तळाला टेकायच्या, मुळं जमिनीतून पोषण घ्यायची. ते थांबलं, फुमदी पातळ होत गेल्या आणि त्यांवर राहणाऱ्या संगाई हरणाच्या पायाखालचा आधारच विरळ झाला.

तेव्हा सांडव्याला फळ्या घालता-काढता येतील अशी खाच ठेव. एकेक फळी काढत पाणी सावकाश उतरव. एकदम सोडलंस तर काठावरची घरटी उघडी पडतील.

कुंपणाचीही घाई नको. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव या पाणपक्ष्यांच्या राष्ट्रीय उद्यानात 1982 साली चराई बंद केली. म्हशी थांबल्या तसं गवत माजलं आणि पाखरांचं उघडं पाणी झाकून गेलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाने म्हशींची भूमिका दाखवून दिली. तुझ्याकडे गुरं येत असतील तर आधी एक वर्ष ती काय खातात, कुठे तुडवतात ते बघ. विणीच्या काळात मात्र त्यांना घरट्यांपासून दूर ठेवावंच लागेल.

जलपर्णी काढलीस तर काठावर ढीग लावू नकोस. कुजून सगळं परत पाण्यात उतरतं. लांब नेऊन खत कर. आणि सांडपाण्याची एखादी वाट आत येत असेल तर आधी ती वळव, नाहीतर दरवर्षी जलपर्णीच काढत बसशील. पाणकणीस हे काठाचं उंच गवत सगळं उपटू नकोस, पण अर्ध्याहून जास्त पाणी झाकू लागलं की छाट.

झाडं लावायचा उत्साह यंदा आवर. त्याऐवजी पाण्यात एक खांब रोव, त्यावर रंगाने सेंटीमीटरच्या खुणा कर आणि दर रविवारी आकडा लिही. वर्षाची वही भरली की नवा नकाशा काढ, आणि त्यात मे महिन्यातला पाण्याचा काठ वेगळ्या रंगाने दाखवून मला पाठव.

तुझा,
काका