रेस्टॉरंटमध्ये एआय आणायचंय, पण आपुलकी जायला नको. कुठे वापरावं, कुठे नको?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘एआयला प्रत्येक गेस्टची आवडनिवड लक्षात राहील, म्हणजे पाहुणचार उलट वाढेलच ना?’ हे वाक्य नसतं तर मी लिहायला बसलो नसतो.

१७ वर्षं फ्लोअर, म्हणजे गेस्ट बसतात ती बाजू, सांभाळलाय, त्यातली शेवटची ६ भागीदारीतल्या स्वतःच्या रेस्टॉरंटमध्ये. भागीदार हिशेब आणि यंत्रणा बघायचा, मी माणसं. गेस्टच्या बारीकसारीक गोष्टी मी वहीत लिहून ठेवायचो. कोण डावखुरं आहे, टेबलाच्या डाव्या टोकाला बसवा. कुणाला एसीचा झोत सोसत नाही. पुढे त्या नोंदी बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या आणि भागीदाराने त्याला एआयची जोड दिली. बुकिंग आलं की जुन्या सगळ्या नोंदी वाचून दोन-तीन ओळींचा सारांश वेटरच्या स्क्रीनवर यायचा. सुरुवातीला मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू.

एक गृहस्थ दर गुरुवारी एकटे यायचे. भलते गप्पिष्ट, जेवण नुसतं निमित्त. एका गुरुवारी हॉस्पिटलमधून थेट आले, घरातलं कुणीतरी ॲडमिट होतं. चेहरा बघून मी नोंद टाकली : ‘बोलू नका. वाढा आणि बाजूला व्हा.’ ती त्या संध्याकाळपुरती होती. तसं लिहायचं सुचलंच नाही, कारण वहीत कधी लिहावं लागलं नव्हतं. वहीचं पान उलटलं की विषय संपायचा.

सारांशात ते असं उतरलं : ‘गेस्टना संभाषण आवडत नाही. शांतपणे सर्व्ह करावं.’

त्याच सुमारास मी गुरुवारची सुट्टी घ्यायला लागलो होतो. पाच महिने गेले. मग एका शनिवारी ते आले, मला दारातच बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “माझं काही चुकलं का हो? तुमची पोरं माझ्याशी बोलेनाशी झालीत.” मी ‘सिस्टीमचा घोटाळा झाला’ म्हणून मोकळा झालो. नोंद माझीच होती हे सांगितलं नाही.

भागीदाराने नेमकं तेच धरलं. नोंद तुझी, मशीनने फक्त वाचली. मी म्हटलं, माणूस हसत आत येतोय हे बघून कुठल्याही वेटरने ती नोंद खड्ड्यात घातली असती. तो म्हणाला, वेटर होतेच की समोर, का नाही घातली? तेव्हा मी गप्प बसलो. उत्तर नंतर सुचलं : स्क्रीनवरचं पाळलं नाही की महिनाअखेर त्या पोरांच्या नावापुढे लाल खूण पडायची, आणि तो नियम तू केला होतास. हे त्याला ऐकवायचं राहूनच गेलं, आता आम्ही एकत्र धंदा करत नाही. म्हणून तुम्हाला ऐकवतोय.

तेव्हा गेस्टच्या नोंदी एआयकडे द्यायच्याच असतील तर सारांश नको. मूळ वाक्य, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, एवढंच दाखवायला सांगा. ॲलर्जीची नोंद कायम ठेवा, बाकी प्रत्येकीला मुदत घाला. आणि स्क्रीनवरची सूचना डावलायचा हक्क वेटरला द्या. तो देणार नसाल तर वेटर ठेवूच नका.

खरा उपयोग किचनच्या बाजूला आहे. वार, हवामान, बुकिंग आणि मागची विक्री बघून उद्याची प्रेप, म्हणजे चिराचिरी-वाटणाची आधीची तयारी, किती करायची याचा अंदाज एआय बरा देतं. आमची नासाडी कमी झाली, ते श्रेय भागीदाराचं. मात्र एक मेख आहे. एखादा पदार्थ रात्री आठलाच संपला, तर विक्रीत फक्त संपेपर्यंतचा आकडा दिसतो. ज्यांना नाही म्हटलं ते कुठेच दिसत नाहीत. मशीन समजतं मागणीच कमी, दुसऱ्या दिवशी आणखी कमी सांगतं. पदार्थ किती वाजता संपला ते रोज भरलंत तरच अंदाजाला अर्थ आहे.

एआयने गेस्टचं बोलणं ऐकून ऑर्डर घ्यायची, या फंदात पडू नका. मॅकडोनाल्ड्सने २०२१ पासून आयबीएमबरोबर शंभराहून जास्त ड्राइव्ह-थ्रूंवर, म्हणजे गाडीत बसूनच ऑर्डर द्यायच्या खिडक्यांवर, तो प्रयोग केला आणि २०२४ मध्ये थांबवला. ठरलेला मेनू, हाताशी एवढा पैसा, तरी ऑर्डरी चुकत होत्या. त्यातही ड्राइव्ह-थ्रूला येणाऱ्याला गप्पा नको असतात, म्हणजे त्यांचं काम तुमच्यापेक्षा सोपं होतं.

ॲलर्जीच्या प्रश्नाला चॅटबॉटने उत्तर देता कामा नये. तो फक्त ऐकणाऱ्याला पटेल असं वाक्य बनवतो. आज सॉस दुसऱ्या ब्रँडचा आलाय हे फक्त किचनला माहीत असतं.

फोनचं मात्र माझं मत बदललंय. गर्दीच्या वेळी वाजून वाजून बंद पडणाऱ्या फोनपेक्षा मशीनने बुकिंग घेतलेलं बरं. पहिल्याच वाक्यात ‘मी मशीन बोलतोय’ एवढं सांगायला लावा.

टॅबलेट की वेटर, हे तुम्ही विचारलं होतंत. एक-दोन टॅबलेट काउंटरमागे ठेवा. ज्यांना ऐकू कमी येतं किंवा आपली भाषा येत नाही, त्यांना फार सोयीचे पडतात, विशेषतः भाषांतरासाठी. टेबलावर कायमचे मांडायचे का, ते तुमची जागा केवढी आणि माणसं किती यावर आहे, ते न बघता मी सांगणार नाही. माझ्या टेबलांवर मी मांडू दिले नव्हते. त्यावरूनही आमचं वाजलं होतं.